लोड बॅलन्सरमागचे एनटीपी सर्व्हर: उत्तर येतंय, पण वेळ बरोबर आहे का?

महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नेटवर्क सांभाळणाऱ्यांपैकी अनेकांकडे आता कंपनीचे स्वतःचे टाइम सर्व्हर असतात, म्हणजे एनटीपी या पद्धतीने नेटवर्कवरच्या उपकरणांना वेळ सांगणारे सर्व्हर. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनंतर त्यांची गरज वाढली. सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी कार्यालयं, सगळ्यांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा म्हणजे एनपीएल यांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा ज्यांचा माग त्यांच्यापर्यंत लागतो अशा सर्व्हरशी जुळवायची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे, हेही त्यातच आहे. फायरवॉलचा लॉग आणि सर्व्हरचा लॉग यांच्यात ४० सेकंदांचा फरक असेल, तर घटनेचा क्रम लावणं अशक्य होऊन बसतं. म्हणून वेळ जुळवायची.

वेळ सतत मिळत राहावी म्हणून हे सर्व्हर लोड बॅलन्सरमागे (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) एका आभासी पत्त्यावर, म्हणजे व्हीआयपीवर बसवले जातात. गडबड इथेच सुरू होते. लोड बॅलन्सरची नेहमीची तपासणी पिंग करते किंवा एनटीपीच्या पोर्टवर, म्हणजे यूडीपी १२३ वर, एक पॅकेट टाकते आणि ‘पोर्ट बंद आहे’ असा निरोप आला नाही की सर्व्हर हिरवा दाखवते. ठाणे स्टेशनवरचा इंडिकेटर लागलेला असतो, पण त्यावर मघाशी सुटलेलीच गाडी दिसत असते, तसाच हा हिरवा दिवा. बंद पडलेल्या टाइम सर्व्हरने फारसं बिघडत नाही, कारण क्लायंटची, म्हणजे वेळ विचारणाऱ्या उपकरणांची, घड्याळं काही तास स्वतःच्या बळावर बरी चालतात. खरं नुकसान करतो तो चुकीची वेळ ठामपणे सांगणारा सर्व्हर. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे सर्व्हर काही काळ सन २००० सांगत होते आणि त्यांच्यावर विसंबलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजमधली लॉगिनची व्यवस्था), राउटर, टेलिफोन एक्स्चेंज अशी बरीच यंत्रणा त्या दिवशी कोलमडली. ते सर्व्हर बंद नव्हते. नेमाने उत्तर देत होते.

आधी ठरवा: व्हीआयपी कोणासाठी?

एनटीपीला लोड बॅलन्सरची गरज भारामुळे क्वचितच पडते. ५,००० उपकरणं दर ६४ सेकंदांनी वेळ विचारत असतील तर सेकंदाला साधारण ७८ विनंत्या होतात, आणि प्रत्येक विनंती ४८ बाइटांची. एक जुना सर्व्हरसुद्धा हे सहज पेलतो.

शिवाय चांगल्या क्लायंटला लोड बॅलन्सर अडचणीचाच ठरतो. क्रोनी किंवा एनटीपीडी हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर एका पत्त्यामागे एकच घड्याळ आहे असं धरून त्याच्या चालीचा अंदाज बांधत असतं. त्या पत्त्यामागे दर खेपेला वेगळा सर्व्हर भेटला तर तो अंदाज डळमळतो. क्लायंटला चार वेगवेगळे पत्ते दिले, तर खोटं बोलणारा कोण हे तो स्वतःच ओळखतो. दोन पत्ते दिले तर कोणाचं खरं मानायचं हे त्याला ठरवता येत नाही. तीन दिले तर एक खोटा ओळखू येतो, आणि चार असले तर एक बंद असतानाही ही ओळख शाबूत राहते.

म्हणून माझा आग्रह असा की लिनक्स सर्व्हर, हायपरव्हायझर (आभासी यंत्रं चालवणारे होस्ट), कोअर स्विच यांना चारही पत्ते सुटे द्या. व्हीआयपी राखून ठेवा ती ज्यांच्या सेटिंगमध्ये वेळेच्या सर्व्हरसाठी एकच रकाना आहे अशा उपकरणांसाठी: हजेरीची बायोमेट्रिक मशिन, सीसीटीव्हीचे डीव्हीआर, कारखान्यातले पीएलसी (यंत्रं चालवणारे नियंत्रक), जुने प्रिंटर. या बिचाऱ्यांना खरंखोटं पारखता येत नाही, जे मिळेल ते घेतात. त्यामुळे त्यांच्या वतीने पारखण्याची जबाबदारी आपल्या तपासणीवर येते. पुढचं सगळं त्या तपासणीबद्दल आहे.

पायरी १: पाया नीट घाला

किमान चार सर्व्हर, त्यातले निदान दोन प्रत्यक्ष यंत्रांवर. आभासी यंत्राचा स्नॅपशॉट परत आणला किंवा ते एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवलं की घड्याळ उडी मारू शकतं. चारही एकाच होस्टवर असतील तर चारांचा उपयोगच राहत नाही.

वरचे स्रोतही वेगवेगळे हवेत. एनआयसीचे समय-१ आणि समय-२, एनपीएलचा सर्व्हर, आणि जमल्यास गच्चीवर अँटेना लावून स्वतःचा जीपीएस किंवा ‘नाविक’ या भारतीय उपग्रह प्रणालीचा रिसीव्हर. सगळे सर्व्हर एकाच रिसीव्हरवर ठेवू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये जीपीएसडी या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांत एक दोष होता, त्यामुळे तारीख १,०२४ आठवडे मागे, म्हणजे मार्च २००२ मध्ये जाणार होती. दोष वेळीच लक्षात आला म्हणून बहुतेकांनी आवृत्ती बदलली. पण तुमचे चारही सर्व्हर त्याच आवृत्तीवर असते, तर चौघांनी एकमताने २००२ सांगितलं असतं आणि आपसातली कुठलीही तुलना त्यांना पकडू शकली नसती.

क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ अशी ओळ असेल तर ती आधी काढा. ती असताना वरचे सगळे स्रोत तुटले तरी सर्व्हर ‘मी जुळलेला आहे’ असंच सांगत राहतो. एकाकी, इंटरनेट नसलेल्या जाळ्यात तिचा उपयोग आहे. व्हीआयपीमागे ती घातक आहे.

पायरी २: उत्तराचं पॅकेट वाचायला शिका

तपासणीचं मर्म या ४८ बाइटांत आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

विनंती पाठवताना पहिला बाइट ३५ ठेवायचा, म्हणजे आवृत्ती ४ आणि मोड ३, क्लायंट. बाकी सगळे शून्य, फक्त शेवटच्या ८ बाइटांत, पाठवल्याच्या वेळेच्या जागी, एक यादृच्छिक आकडा. सर्व्हर तो आकडा ‘ओरिजिन’ रकान्यात जसाच्या तसा परत पाठवतो. तो जुळला नाही तर उत्तर टाकून द्या, कारण ते जुनं किंवा बनावट आहे. पाठवल्याची खरी वेळ स्क्रिप्टने स्वतःजवळ ठेवायची.

उत्तराच्या पहिल्या बाइटमध्ये बरंच काही दडलेलं असतं. ३६ आलं तर सर्व ठीक: लीप सूचना नाही, आवृत्ती ४, मोड सर्व्हर. २२८ आलं तर सर्व्हर स्वतः कबूल करतोय की तो जुळलेला नाही. असा सर्व्हर ताबडतोब बाहेर. १०० किंवा १६४ म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला घेतला जाणारा लीप सेकंद येणार असल्याची सूचना, अनुक्रमे एक वाढवायचा किंवा एक वगळायचा. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला घेतला गेला, म्हणजे आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला. अधिकृत घोषणा नसताना एकच सर्व्हर १०० म्हणत असेल तर त्याचा वरचा स्रोत तपासा.

दुसरा बाइट स्ट्रॅटम, म्हणजे मूळ घड्याळापासून सर्व्हर किती पायऱ्या दूर आहे. शून्य आलं तर ते वेळेचं उत्तर नव्हे, ते नकाराचं पॅकेट आहे आणि संदर्भ रकान्यात ‘रेट’ किंवा ‘डिनाय’ अशी चार अक्षरं असतात. तुमच्या रचनेत स्ट्रॅटम २ किंवा ३ अपेक्षित असेल तर त्याहून एक जास्त चालवून घ्या, त्यापुढे सूचना. संदर्भ रकान्यात १२७.१२७.१.१ दिसलं तर सर्व्हर स्वतःच्याच घड्याळावर चालतोय. तो बाहेर.

पुढचे दोन रकाने, रूट डिले (मूळ घड्याळापर्यंत जाण्यायेण्याचा वेळ) आणि रूट डिस्पर्शन (वाटेत साचलेली अनिश्चितता), मला सगळ्यात मोलाचे वाटतात. रूट डिलेचा अर्धा अधिक रूट डिस्पर्शन, एवढी चूक आपल्या वेळेत असू शकते, असं सर्व्हर स्वतःच सांगत असतो. वरचे स्रोत तुटले की डिस्पर्शन वाढत जातं. एनटीपीच्या प्रमाणभूत हिशेबात ते सेकंदाला १५ मायक्रोसेकंद वाढतं, म्हणजे तासाला ५४ मिलिसेकंद आणि दिवसाला जवळपास १.३ सेकंद. क्रोनी मात्र मुळात सेकंदाला १ मायक्रोसेकंद धरतं आणि घड्याळाच्या चालीतली अनिश्चितता त्यात मिळवतं. त्याचा आकडा फार सावकाश चढतो. एनटीपीडीसाठी बेतलेली मर्यादा क्रोनीला लावली तर तुटलेला सर्व्हर दिवसभर हिरवा दिसेल.

म्हणून जोडीला संदर्भवेळेचं वय पाहा: सर्व्हरने वरच्या स्रोतावरून घड्याळ शेवटचं कधी सुधारलं. वरचे स्रोत फार तर १,०२४ सेकंदांनी विचारले जातात, तेव्हा एक तासाहून जुनी संदर्भवेळ म्हणजे काहीतरी अडलंय. तासाभरात चांगल्या घड्याळाचं काही बिघडत नाही, त्यामुळे एक तासाला फक्त सूचना आणि सहा तासांना सर्व्हर बाहेर, ही विभागणी साध्या कार्यालयाला पुरते. शेअर व्यवहारांशी संबंध असेल तर मर्यादा कितीतरी कडक हव्यात.

पायरी ३: तुलना स्वतःच्या घड्याळाशी करू नका

तपासणी करणाऱ्या यंत्राला प्रत्येक सर्व्हरचा फरक मोजायचा असतो. चार वेळा लागतात: विनंती निघाली, सर्व्हरला मिळाली, उत्तर निघालं, आपल्याला मिळालं. दुसरीतून पहिली वजा करा, तिसरीतून चौथी वजा करा, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. हा फरक. यात चूक असली तर ती जाण्यायेण्याच्या वेळेच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही. एकाच लॅनवर ती मिलिसेकंदाचा अंश असते.

आता समजा आकडे असे आले: +२१२, +२१३, +२११ आणि +४७० मिलिसेकंद. ‘१०० च्या वर गेला की बाहेर’ असा साधा नियम असेल तर चारही सर्व्हर बाद होतील आणि व्हीआयपी रिकामी पडेल. प्रत्यक्षात तपासणाऱ्या यंत्राचंच घड्याळ साधारण २१२ मिलिसेकंद मागे आहे आणि खरा दोषी फक्त चौथा आहे. चारही आकड्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा, तो २१२.५ येतो. प्रत्येकातून तो वजा केला की उरतात −०.५, +०.५, −१.५ आणि +२५७.५. तपासणाऱ्याची चूक सगळ्यांत सारखीच मिसळलेली असते, ती वजाबाकीत आपोआप निघून जाते. सरासरी घेऊ नका. चौथ्याची चूक सरासरीला आपल्याकडे ओढते आणि चांगले तिघेही संशयित दिसू लागतात.

लॅनवर मध्यकापासून ५ मिलिसेकंदांपलीकडे सूचना आणि ५० पलीकडे बाहेर, इथून सुरुवात करा. पंधरवडाभर नुसते आकडे नोंदवा आणि मग मर्यादा घट्ट करा.

मध्यक स्वतःच भरकटलेला असेल तर? सगळे एका सुरात चुकले, तर वरची तुलना आंधळी असते. त्यासाठी एक वेगळा पहारेकरी हवा: व्हीआयपीवर न विसंबणारं, या चारांपैकी कोणाकडूनही वेळ न घेणारं, थेट बाहेरच्या स्रोतांवर चालणारं यंत्र. ते ठाण्याच्या शाखेत असेल तर उत्तम, कारण मग त्याचा रस्ताही वेगळा असतो. त्याने कोणाला बाहेर काढायचं नाही, फक्त मध्यक त्याच्या वेळेपासून २५० मिलिसेकंदांपलीकडे गेला तर माणसाला उठवायचं.

पायरी ४: काढायचं कधी, परत घ्यायचं कधी

कारणांचे दोन गट करा. पहिल्या गटात सर्व्हरने स्वतः दिलेली कबुली: २२८, स्ट्रॅटम शून्य, स्वतःच्याच घड्याळाचा संदर्भ, मर्यादेबाहेरचं डिस्पर्शन. अशा कारणाने कितीही सर्व्हर बाहेर गेले तरी चालतील, चारही गेले तरी. चुकीच्या वेळेपेक्षा मौन परवडतं.

दुसऱ्या गटात तुलनेतून काढलेले निष्कर्ष आणि उत्तर न येणं. इथे स्वयंचलितपणे एकालाच काढायची मुभा द्या. दुसऱ्याचीही पाळी आली, तर आहे ती स्थिती गोठवून फोन करा, कारण दोष तपासणीतच असण्याची शक्यता तेव्हा मोठी असते. चौघांकडूनही उत्तर थांबलं असेल तर आधी तपासणाऱ्याची केबल पाहा.

काढण्यासाठी सलग तीन अपयशं. परत घेताना मात्र सावकाश: किमान दहा मिनिटं सर्व निकषांवर सलग पास. नुकत्याच सुरू झालेल्या क्रोनीला घड्याळाची चाल ओळखायला वेळ लागतो. आत-बाहेर करणारा सर्व्हर क्लायंटना जास्त त्रास देतो.

दर १६ सेकंदांनी एक विनंती पुरे. त्याहून घाई केलीत तर सर्व्हरची स्वतःची दरमर्यादा तुमच्याच तपासणीला अडवेल आणि चांगला सर्व्हर मेलेला दिसेल. आणि ही स्क्रिप्ट एनआयसी किंवा एनपीएलच्या सर्व्हरवर कधीही रोखू नका. तिथे किती वेळा विचारायचं ते क्रोनीला ठरवू द्या.

पायरी ५: लोड बॅलन्सरमधल्या खाचाखोचा

एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरची मुक्त आवृत्ती एनटीपीसारखी यूडीपी वाहतूक वाटून देत नाही. लिनक्सवर एलव्हीएस (कर्नलमधलाच लोड बॅलन्सर) आणि त्याच्या जोडीला कीपअलाइव्हडी (सर्व्हर तपासून त्याची यादी सांभाळणारा प्रोग्राम) ही रुळलेली वाट आहे. कीपअलाइव्हडीच्या ‘मिस्क चेक’मध्ये वरची स्क्रिप्ट लावायची. तिने शून्य परत केला तर सर्व्हर ठीक, १ परत केला तर बाद. स्क्रिप्टची कमाल वेळ तपासणीच्या अंतरापेक्षा कमी ठेवा.

वाटणीसाठी सोर्स हॅश निवडा, म्हणजे एका पत्त्यावरच्या उपकरणाला नेहमी एकच सर्व्हर भेटेल. शाखेतली सगळी उपकरणं नॅटमागे एकाच पत्त्यावर असतील तर ती सगळी एकाच सर्व्हरवर येतील, आणि तिथली दरमर्यादा त्यांना गाळेल. त्या शाखेत छोटा टाइम सर्व्हर ठेवणं बरं.

सगळ्यात फसवी गोष्ट यूडीपीच्या नोंदींची. एलव्हीएस ‘या क्लायंटला हा सर्व्हर’ अशी नोंद ३०० सेकंद ठेवतो आणि दर नव्या पॅकेटला ती मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. क्लायंट दर ६४ सेकंदांनी विचारत असेल तर नोंद कधी संपतच नाही. सर्व्हर यादीतून काढला तरी क्लायंट त्यालाच चिकटून राहतो आणि त्याची पॅकेटं हवेत विरतात. कर्नलमधलं ‘एक्सपायर नोडेस्ट कॉन’ हे सेटिंग १ करा, म्हणजे काढलेल्या सर्व्हरच्या नोंदी लगेच मोडतील. सर्व्हर नुसता वजन शून्य करून ठेवू नका, यादीतून काढूनच टाका.

डायरेक्ट रूटिंगमध्ये, म्हणजे सर्व्हर क्लायंटला थेट उत्तर देतो त्या पद्धतीत, आणखी एक भोक राहतं. तपासणी सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावर जाते, पण क्लायंटची पॅकेटं व्हीआयपीच्या पत्त्यावर येतात. रीस्टार्टनंतर सर्व्हरच्या लूपबॅकवर (त्याच्या आतल्या आभासी जोडणीवर) व्हीआयपी चढलीच नाही, तर तपासणी पास आणि क्लायंट उपाशी. हे पकडायला ‘क्रोनीसी सर्व्हरस्टॅट्स’ या क्रोनीच्या आदेशातला मिळालेल्या पॅकेटांचा आकडा प्रत्येक सर्व्हरवर पाहत राहा. चौघांपैकी एकावर तो फक्त तपासणीच्या गतीनेच वाढत असेल, तर त्याच्यापर्यंत क्लायंट पोचत नाहीत.

हे आकडे त्या सर्व्हरवरच्या एजंटकडून गोळा करा. एनटीपीडीचे नियंत्रणाचे प्रश्न बाहेरून उघडे ठेवू नका. २०१४ मधले मोठे एनटीपी हल्ले ‘मॉनलिस्ट’ या अशाच उघड्या प्रश्नाचा गैरवापर करून झाले होते.

पायरी ६: आलेखावर काय ठेवायचं

प्रत्येक सर्व्हरचा मध्यकापासूनचा फरक, रूट अंतर (रूट डिलेचा अर्धा अधिक रूट डिस्पर्शन), संदर्भवेळेचं वय, आणि घड्याळाची चाल, म्हणजे ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मधली फ्रिक्वेन्सी. चालीचा आलेख मी आवर्जून ठेवायला सांगेन. यंत्रातला क्वार्ट्झ स्फटिक तापमानाप्रमाणे चाल बदलतो. सर्व्हर रूमचा एसी बंद पडला की एकाच खोलीतल्या सगळ्या सर्व्हरच्या रेषा एकाच वेळी वळतात, आणि एप्रिल-मेच्या दुपारी हे तापमानाच्या अलार्मइतकंच स्पष्ट दिसतं. एकाचीच रेषा वळली तर त्याचा पंखा पाहा.

पायरी ७: मुद्दाम मोडून पाहा

चाचणीसाठी वेगळी व्हीआयपी घ्या आणि हे क्रमाने करा. एका सर्व्हरवर क्रोनी बंद करा, तीन तपासण्यांत तो बाहेर गेला पाहिजे आणि त्याचे क्लायंट दुसरीकडे गेले पाहिजेत. मग दुसऱ्याचे वरचे स्रोत फायरवॉलवर अडवा आणि संदर्भवेळेचं वय चढताना पाहा. इथे घाई करू नका, एक तासाची सूचना खरंच तासाने येते का ते बघा. तिसऱ्यावर स्रोताच्या ओळीत ‘ऑफसेट’ ०.२ द्या, म्हणजे तो आत्मविश्वासाने २०० मिलिसेकंद चुकेल. तपासणीची खरी परीक्षा हीच. शेवटी तपासणाऱ्या यंत्राचं घड्याळ एक सेकंद पुढे करा. या वेळी काहीही बाहेर जाता कामा नये. गेलं, तर पायरी ३ मधली वजाबाकी स्क्रिप्टमध्ये कुठेतरी सुटलीये.

ही कवायत वर्षातून दोनदा करा, आणि त्यातली एक मेअखेरीला, गच्चीवरच्या अँटेनाच्या पाहणीबरोबर. जीपीएसचा सिग्नल पावसाने फारसा अडत नाही. अडतो तो कनेक्टरात शिरलेल्या पाण्याने. वॉटरप्रूफ टेप उघडून पाहा, तांब्यावर हिरवट डाग दिसला तर कनेक्टर बदला, केबलला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल, आणि वीजरोधकाची अर्थिंग तपासून घ्या. नंतर रिसीव्हरला किती उपग्रह दिसतात आणि त्यांचा सिग्नल किती आहे याची नोंद करून ठेवा. जुलैत आकडे घसरले तर तुलनेला ही कोरड्या दिवसांतली नोंद लागते. घोडबंदर रोडसारख्या भागात शेजारी नवा टॉवर उभा राहत असेल तर ही नोंद दर तिमाहीला करा, कारण आकाशाचा तुकडा मजल्यामजल्याने कमी होत जातो आणि रिसीव्हर शेवटच्या उपग्रहापर्यंत तक्रार करत नाही.